एकही तक्रार नसलेली मिल

१

सोमवारी सकाळी ठाकोरभाई चपला न काढताच ऑफिसात शिरले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे नूतनने ओळखलं. दारापाशी चपला काढायच्या, कोनाड्यातल्या देवाला हात जोडायचे आणि मग सगळ्यांना 'जय श्रीकृष्ण' म्हणायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आज त्यांनी देवाकडे बघितलंही नाही. सरळ तिच्या टेबलाशी आले आणि हातातला मोबाइल तिच्या नाकापुढे धरला.

"हैदराबादनो मेल क्यां गयो?"

"कुठला मेल, शेठ?"

"गाडीत बसलो तेव्हा होता. याच मोबाइलवर! म्हटलं, ऑफिसात जाऊन निवांत वाचू. वाटेत उधना ओलांडून बघतो तर गायब. मी हात लावलेला नाही. मग त्या वेळी ऑफिसात कोण होतं, बेन? तू. एकटी तू."

नूतन बोरसे सुरतेतल्या भेस्तानच्या या साड्या छापणाऱ्या मिलमध्ये पत्रव्यवहार सांभाळायची. मिल चांगली मोठी, पण मेलचा पत्ता अख्ख्या ऑफिसात मिळून एकच. एका विहिरीवर सगळ्या गावाने पाणी भरावं, तसे ऑफिसातले चार कॉम्प्युटर आणि शेठचा मोबाइल त्या एकाच पत्त्यावर आलेले मेल वाचत. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं, उदबत्ती लावायची आणि चारही कॉम्प्युटर सुरू करून ठेवायचे, हे काम नूतनचं. आजही तिने तेवढंच केलं होतं.

एखादा मेल इकडेतिकडे झाला असता तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण हैदराबादची ती पार्टी म्हणजे दक्षिणेत ठिकठिकाणी साड्यांची दुकानं असलेली बडी कंपनी. दिवाळीआधी त्यांनी नमुने पसंत केले, बोलणी पक्की होत आली, आणि दिवाळीनंतर तिकडून अवाक्षर नाही. मोठी माणसं, वेळ लावणारच, असं ठाकोरभाई म्हणत राहिले. आज गाडीतून उतरता उतरता हैदराबादच्या खरेदीप्रमुखांचा फोन आला आणि सगळा उलगडा झाला. आम्ही मेलवर मेल पाठवतोय, तुमचं एक उत्तर नाही. आजचा मेल शेवटचा. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघू, मग काम सचिन गावातल्या दुसऱ्या मिलला देऊन टाकू.

"सचिनच्या त्या मिलमध्ये बेनचा भाऊ लागलाय ना, दिवाळीनंतर?" कोपऱ्यातून प्रशांत म्हणाला. प्रशांत मिलची विक्री बघायचा. बोलला अगदी सहज, पण काडी पडायची तिथे बरोबर पडली.

भूपेंद्र खरंच तिथे लागला होता. नूतनने स्वतःच्या हाताने ऑफिसात पेढे वाटले होते.

मग शोधाशोध झाली. आलेल्या मेलांत बघितलं, केराच्या टोपलीत बघितलं, नको असलेले मेल जिथे जातात तिथेही बघितलं. दिवाळीनंतरचा हैदराबादचा एकही मेल कुठे नव्हता. जसजसं काही सापडेना, तसतसे ठाकोरभाई शांत होत गेले, आणि त्यांचं शांत होणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"घरी जा, बेन," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत मेल सापडले तर ठीक. नाहीतर मार्केटात मी एकेकाला फोन करून सांगणार, की ही मुलगी मालकाचे मेल चोरते."

नुसती नोकरी गेली असती तर नूतनने दुसरी शोधली असती. पण सुरतेच्या कापडबाजारात बातमी चहाच्या आधी पोचते. एकदा चोर म्हटलं की आयुष्यभर चोर, आणि भूपेंद्रलाही तोंड दाखवायला जागा उरणार नाही. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं, ते डिंडोलीचं घर येईपर्यंत थांबलं नाही.

२

"कसाना मेल? कोना मेल?" सुभद्राबाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मेल म्हणजे काय हे त्यांना नीट कळत नव्हतं, पण लेकीला चोर म्हटलंय एवढं चांगलं कळलं होतं. दहा मिनिटं त्यांनी शेठच्या सात पिढ्यांचा अहिराणीत समाचार घेतला आणि मग एकदम म्हणाल्या, "विशाखाले बलाव. ती जयेल गोदाममाईन खरं काढस, मेलमाईन नही काढी का?"

विशाखा बैसाणे शेजारच्याच सोसायटीत राहायच्या. कुठे मिलला आग लागली, गोदाम जळालं, की विमा कंपनीच्या वतीने पाहणी करायला त्या जात. किती कापड खरंच जळालं आणि किती आदल्या दिवशीच मागच्या दाराने गेलं, हे राखेत काठी फिरवून सांगत. पन्नाशीची बाई, जाड चष्मा, पुरुषी मनगटी घड्याळ, आणि तोंड कायम चालू. बोलण्यासाठी नव्हे, खाण्यासाठी. त्या आल्या त्या हातात पोंकाचा पुडा घेऊन. आपल्याकडचा हुरडा तो सुरतेत पोंक, आणि थंडीत विशाखाताईंना त्याशिवाय विचार करता येत नसे.

"रडणं संपलं का? संपलं असेल तर सांग. नसेल तर मी खाते तोवर."

नूतनने सगळं सांगितलं. ताई शेव-पोंक खात ऐकत राहिल्या. मध्ये त्यांनी भलतेच प्रश्न विचारले. कॉम्प्युटर सुरू केला की मेल आपोआप उघडतो का? हो, दुरुस्तीवाल्याने चारहींवर तशीच सोय करून ठेवली होती. हैदराबादचा दिवाळीआधीचा एखादा मेल कागदावर छापलेला आहे का? ऑफिसात असेल. दिवाळीनंतर तू कधी रजेवर होतीस का?

"होते. मावसबहिणीच्या लग्नाला पारोळ्याला गेले होते."

"त्या दिवसांत आलेले मेलही गायब झाले असतील, तर तू सुटलीस."

"पण ताई, ते आले होते हे सांगणार कोण? कोणी बघितलेच नाहीत."

"कोणीतरी बघितले असतील," विशाखाताई पुडा झटकत म्हणाल्या. "लोक बघतात पुष्कळ. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, एवढंच. उद्या मी येते तुझ्याबरोबर. तुझा शेठ मला ओळखतो. त्याच्या गोदामाला आग लागली होती तेव्हा त्याने मला तीन वेळा उंधियू खाऊ घातला आणि तरी मी जे होतं तेच लिहिलं. तेव्हापासून तो मला मानतो, म्हणजे घाबरतो."

नूतनला किती तरी वेळाने हसू आलं.

३

"बैसाणेबेन! आज तर आग नथी लागी!" ठाकोरभाई खुर्चीतून उठलेच.

"लागलीय, शेठ. धूर दिसत नाही एवढंच. चहा सांगा आणि मला तुमच्या माणसांशी बोलू द्या. संध्याकाळपर्यंत मी सांगते तुमचे मेल कुठे आहेत. नाही सांगता आलं तर खुशाल करा तुमचे फोन."

ठाकोरभाईंनी मान डोलावली. नूतनला त्यांनी आत येऊ दिलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. ते तिला चांगलंच लागलं.

आधी ताईंनी शेठनाच धरलं. "हैदराबाद सोडून बाकी कामकाज कसं काय?"

"एकदम सरस!" ठाकोरभाईंचा चेहरा एवढ्या त्रासातही उजळला. "खोटं नाही सांगत, बेन. दिवाळीनंतर एके फरियाद नथी! एकसुद्धा तक्रार नाही. ना रंग उतरला, ना किनार तिरकी गेली. लाभपाचमचं मुहूर्त सरस लागलं ना!"

दिवाळीत बंद झालेला सुरतेचा व्यापार लाभपाचमेला नव्याने उघडतो. ठाकोरभाई त्या दिवशी पूजा आटोपली की मेल उघडायला लावत आणि वर आलेला पहिला मेल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. तो ऑर्डरचा निघाला तर वर्ष चांगलं, ही त्यांची पक्की श्रद्धा. गेल्या खेपेला पहिलाच मेल फाटक्या मालाच्या तक्रारीचा निघाला होता. ठाकोरभाई पेढा तसाच ठेवून उठून गेले होते, आणि पुढे बॉयलर बंद पडला तेव्हा त्याचंही खापर त्यांनी त्या मेलवर फोडलं होतं. यंदा मात्र पहिलाच मेल विजयवाड्याच्या ऑर्डरचा निघाला आणि शेठनी सगळ्यांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला.

"एकही तक्रार नाही," विशाखाताई हळूच म्हणाल्या आणि चहात बिस्कीट बुडवून बसल्या. ते विरघळून कपात पडलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मग प्रशांत आला. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, की नूतनबेनवर आपला काही राग नाही. ज्याअर्थी तो हे न विचारता सांगतोय, त्याअर्थी काहीतरी आहे, असं नूतनला वाटलं. त्याची मेहुणी नोकरी शोधत होती आणि नूतनच्या टेबलावर तिचा डोळा होता, हे ऑफिसात कोणापासून लपलेलं नव्हतं.

"पार्ट्यांचे फोन तुम्हीच घेता ना?" ताईंनी विचारलं. "काय म्हणतात?"

"काय म्हणणार? बोंबलतात. हा रंग फिका, कापडाचा तो ताका कमी. पण शेठचा नियम आहे, फोनवरची तक्रार ऐकून घ्यायची नाही. फोटोसकट मेल करा म्हणायचं. मी तसं सांगतो. मग कोणीच मेल करत नाही. खऱ्या तक्रारी असत्या तर केले नसते का?"

"हैदराबादचा फोन कधी आला होता?"

प्रशांतने कान खाजवला. "एक-दोनदा आला. त्यांनाही म्हटलं, मेल करा."

"वा!" विशाखाताई म्हणाल्या. प्रशांतला ती शाबासकी वाटली, हे त्याचं दुर्दैव.

भिकनमामा आले ते डोळे पुसतच. माल रवाना करण्याचं काम त्यांच्याकडे. नूतनच्या आईच्या गावचा माणूस, म्हणून ती त्यांना मामा म्हणायची. इथे नोकरीला लावलं तेही त्यांनीच. खिडकीजवळचा जुना, घरघरणारा कॉम्प्युटर त्यांचा.

"मी मेल वाचस बी नही, बहीन," ते ताईंना म्हणाले. "ट्रकना नंबर येस तेवढा दखस. बाकी मना काय संबंध? पन ही पोर असं करनार नही."

ताईंनी त्यांना फार विचारलं नाही. त्यांनी हैदराबादचा दिवाळीआधीचा छापलेला मेल मागवला आणि चष्मा कपाळावर सरकवून तो कागद डोळ्यांजवळ नेला. वर मजकूर जेमतेम चार ओळींचा होता. खाली मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत कंपनीच्या अटींची ही लांबलचक सूचना. माल खराब निघाल्यास परत पाठवला जाईल, दावा अमुक ठिकाणी करावा, वगैरे वगैरे. बड्या कंपन्यांच्या प्रत्येक मेलखाली असलं काहीतरी चिकटवलेलं असतं आणि ते आजवर कोणी वाचलेलं नाही. विशाखाताईंनी मात्र ते शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं.

दुपार कलली तरी मेलचा पत्ता नव्हता. नूतन सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तेवढ्यात डिझाइनच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि हर्षदाने दोघींना खुणेने आत बोलावलं.

४

हर्षदा साड्यांची डिझाइनं करायची. शेठसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून बोलायला तिने ही वेळ साधली होती.

"मी एक बघितलं होतं," ती कुजबुजली. "नूतनताई लग्नाला गेल्या होत्या ना, तेव्हा सकाळी मी पहिली आले होते. माझा कॉम्प्युटर लावला तर वर हैदराबादचा मेल दिसला. मला वाटलं, शेठना आल्यावर सांगू. मी कपाटातून रंगांचे नमुने काढायला गेले, परत येऊन बघते तर मेल नाही."

"मधल्या वेळात ऑफिसात कोण आलं?" ताईंनी विचारलं.

हर्षदा नूतनकडे बघून घुटमळली. "भिकनकाका. त्यांनी 'राम राम' केला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. दुसरं कोणीच नव्हतं."

"मग तू हे काल का नाही बोललीस?" नूतन जवळजवळ ओरडलीच.

"मला वाटलं, शेठनीच मोबाइलवरून काढला असेल. आणि भिकनकाकांचं नाव कसं घेऊ? माझ्या लग्नाची बोलणी तेच करतायत."

नूतन स्टुलावर बसली. आपण सुटलो, हे तिच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. भिकनमामा? ज्यांनी स्वतः हमी देऊन तिला इथे चिकटवलं, आईला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडच्या कैऱ्या आणून दिल्या, ते? तिला स्वतःवरचा आळ परवडला असता असं क्षणभर वाटून गेलं.

"मामा असं करणार नाहीत, ताई. तुम्ही म्हणालात तरी मी मानणार नाही."

"मी कुठे काय म्हटलं?" विशाखाताई उठल्या. "त्या दिवशी तू नव्हतीस आणि मेल गेला. काल सकाळी मामा अजून आलेले नव्हते आणि तरी मेल गेला. म्हणजे तू एकटी चोर नाहीस, आणि मामा एकटे चोर नाहीत. आता दोन्ही दिवशी काय झालं होतं ते आठव. माणसांचं सोड. काय झालं होतं?"

नूतनने दोन्ही दिवस बोटांवर मोजून बघितले आणि मान हलवली.

"नाही ना आठवत? चल, परत करून बघू. शेठना म्हणावं, हैदराबादला फोन लावा आणि हात जोडून सांगा, तोच मेल पुन्हा पाठवा. पण त्याआधी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद करा."

५

चारही पडदे काळे झाले. शेठच्या टेबलावर मधोमध त्यांचा मोबाइल ठेवला होता आणि भोवती सगळे उभे होते. ताईंनी प्रत्येकाला हात मागे बांधायला लावले. शाळेत बाई हजेरी घेतायत असा तो देखावा होता, आणि ठाकोरभाईंनीही निमूटपणे हात मागे घेतले.

मोबाइल किणकिणला. हैदराबादचा मेल आला होता. सगळ्यांनी वाकून बघितलं. नाव, विषय, सगळं स्पष्ट.

"नूतन, रोज सकाळी करतेस तसं कर. मात्र एकेक कॉम्प्युटर लाव आणि मी सांगेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नकोस."

नूतनने आधी स्वतःचा लावला. मेल मोबाइलवर होता तसाच राहिला. मग प्रशांतचा लावला. प्रशांतच्या कपाळावर घाम आला होता. मेल हलला नाही, तेव्हा त्याने एवढा मोठा निःश्वास टाकला की हर्षदाला हसू फुटलं. मग हर्षदाचा. मेल जागच्या जागी.

"आता मामांचा."

नूतन खिडकीजवळच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी गेली. तिने मामांकडे बघितलं. ते हात मागे बांधून, भाबड्या चेहऱ्याने मोबाइलकडे टक लावून उभे होते. तिने डोळे मिटून बटण दाबलं. जुना कॉम्प्युटर घरघरला, खोकला, बराच वेळ विचारात पडला आणि एकदाचा सुरू झाला. त्याच्या पडद्यावर मेलची खिडकी आपोआप उघडली.

"गयो!" ठाकोरभाई किंचाळले.

मोबाइलवरचा मेल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता. त्याला कोणीही बोट लावलं नव्हतं.

"मी हात लावा नही! देवनी शप्पथ, मी हात लावा नही!" भिकनमामा ओरडले आणि शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले.

६

"लावला नाहीत, हे सगळ्यांनी बघितलं," विशाखाताईंनी त्यांना पाणी दिलं. "कालही लावला नव्हतात. आता फक्त एवढं सांगा, लाभपाचमेच्या आधी तुम्ही या कॉम्प्युटरवर काय करून घेतलं होतं?"

मामांनी पेला तोंडाशी नेता नेता थांबवला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं.

"अरे देवा! ते आजून चालू शे?"

गेल्या खेपेला तो अपशकुनी मेल शेठना उघडून दाखवला होता, तो मामांनीच. वर्षभर त्यांनी त्याची बोलणी खाल्ली होती. यंदा तसं होऊ नये म्हणून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, काका, सोपं आहे. मेल आले की कॉम्प्युटरच त्यांची वाटणी करेल. खराब, परत, दावा, तक्रार असे जेवढे अशुभ शब्द असतील तेवढे लिहून द्या. ज्या मेलमध्ये त्यातल्या एखाद्याचा इंग्रजी प्रतिशब्द दिसेल, तो मेल आपोआप उचलला जाऊन वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल. मामांनी शब्द दिले, त्याने नियम लावून दिला. फोल्डरला नाव दिलं 'पाचम पछी', म्हणजे पाचमेनंतर बघू. मुहूर्त छान पार पडला, मामा पेढा खाऊन मोकळे झाले आणि ते सगळं विसरून गेले.

"माले वाटनं, मुहूर्त सरना म्हनजे तेबी सरनं," मामा म्हणाले.

"दारावरचं तोरण सुकून गळून पडतं, मामा. कॉम्प्युटरला लावलेला नियम सुकत नाही. काढेपर्यंत तो रोज काम करतो. तेही फक्त तुमचा कॉम्प्युटर चालू असला की. म्हणून दिवसा आलेला मेल लगेच जायचा, आणि रात्री-रविवारी आलेला मोबाइलवर पडून असायचा, तो शेठ ऑफिसात येऊन वाचायच्या आधी सकाळी नूतनने बटण दाबलं की जायचा. ती रजेवर असताना तुम्ही स्वतः बटण दाबलंत. दोन्ही दिवशी झालेली गोष्ट एकच, हा डबा सुरू झाला."

"पण हैदराबादने तक्रार कुठे केली होती?" ठाकोरभाईंनी विचारलं. "त्यांना तर माल हवा होता!"

ताईंनी तो छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि खालच्या बारीक सूचनेवर बोट फिरवलं. "हे बघा, खराब माल, परत, दावा. प्रत्येक मेलखाली हे चिकटलेलंच आहे. कॉम्प्युटरला काय कळतंय, अट कुठली आणि तक्रार कुठली? शब्द दिसला, उचलला."

"आपण सगळीकडे शोधलं होतं की," प्रशांत म्हणाला.

"आपापल्या कॉम्प्युटरवर शोधलंत. हा फोल्डर फक्त या एका कॉम्प्युटरच्या पोटात आहे. मामा ट्रकचे नंबर सोडून दुसरं काही बघत नाहीत, म्हणून त्यांना तो दिसूनही दिसला नाही."

"पण बेन, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"तुमच्यामुळेच, शेठ. तुम्ही म्हणालात, दिवाळीपासून एक तक्रार नाही. मी इतकी वर्षं मिलांतून फिरतेय. तक्रार नसलेली मिल मी एकच बघितली, आणि तिला कुलूप होतं. मग प्रशांत म्हणाला, लोक फोनवर बोंबलतात, मेल मात्र करत नाहीत. शंभर जणांना मेल करा म्हटलं तर दहा तरी करतीलच. मग ते दहा गेले कुठे? हैदराबादचे मेल जिथे गेले, तिथेच ते असणार. नूतनला भावाचं भलं करायचं असतं तर तिने तुमच्या तक्रारी कशाला लपवल्या असत्या? उघड आता तो फोल्डर, नूतन."

नूतनने डावीकडच्या यादीतला बारीक बाण दाबला. खाली 'पाचम पछी' उघडलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला. हैदराबादचे सगळे मेल त्यात होते, अगदी आत्ता आलेल्यासकट. आणि त्यांच्या आगेमागे इंदूरचा उतरलेला रंग, मदुराईचा फाटका ताका, कटकची तिरकी किनार, दुसऱ्याच पार्टीच्या साड्या मिळालेलं जबलपूर. फोटोसकट. ठाकोरभाई एकेक वाचत गेले आणि त्यांची मान खाली खाली जात राहिली.

प्रशांत पाय न वाजवता दाराकडे सरकला. "थांब, भाई," शेठ मान वर न करता म्हणाले. "हे सगळे फोन तूच घेतले होतेस ना? आता उलटे तूच लावायचेस."

७

हैदराबादला शेठनी स्वतः फोन केला. खरं काय ते जसंच्या तसं सांगितलं, मुहूर्तासकट. पलीकडे खरेदीप्रमुख इतक्या मोठ्याने हसले की टेबलापाशी उभ्या असलेल्या नूतनलाही ऐकू आलं. आमच्याकडेही गुरुवारी असलंच काहीतरी चालतं, ते म्हणाले, आणि काम भेस्तानलाच राहिलं. नूतनने तिथल्या तिथे तो नियम काढून टाकला आणि दुसरा केला. तक्रारीचे मेल आता एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाणार होते, पण तो सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आणि शेठच्या मोबाइलवर दिसणार होता. त्याला नाव तिने दिलं, 'आधी हे वाचा'. बड्या पार्ट्यांचे मेल त्यातून वगळले, ज्यांच्याखाली अटींची शेपटी असते तेवढे.

"भिकननं शू करूं?" ठाकोरभाईंनी थकून विचारलं. मामा अजून गठ्ठ्यावरच बसले होते.

"त्यांना कशाला काय करता?" विशाखाताई म्हणाल्या. "वाईट बातमी आणणाऱ्यावर तुम्ही वर्षभर रुसून बसता. मग माणसं वाईट बातमी लपवतात. मामांनी कॉम्प्युटरकरवी लपवली, प्रशांत फोनवरच झटकून टाकत होता, हर्षदा तर तोंडच उघडत नाही. ही सगळी तुमचीच करणी आहे, शेठ."

दुसऱ्या कोणी असं सुनावलं असतं तर ठाकोरभाईंनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांनी ऐकून घेतलं. उठले, नूतनसमोर आले आणि सगळ्यांदेखत हात जोडले.

"माफ कर, बेन. मी तुला नको ते बोललो. तू मागशील ते देतो."

नूतनच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या जागी राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आला नाही. नुसतं हलकं हलकं वाटत होतं.

"मला काही नको, शेठ. आईला तेवढा फोन करा. तुम्ही मला चोर म्हटलं हे तिच्या कानावर गेलंय. मी सांगून तिचं समाधान व्हायचं नाही. तुम्ही सांगा."

ठाकोरभाईंनी नंबर लावला आणि आवाज मोठा केला. त्यांना अहिराणी येत नव्हती, सुभद्राबाईंना गुजराती बोलता येत नव्हतं, पण एकमेकांचं दोघांनाही नीट समजत होतं.

"बा, हूं ठाकोरभाई. तमारी दीकरी निर्दोष छे. भूल मारी हती."

नूतनला वाटलं, आता आईच्या तोंडाचा पट्टा सुटणार. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. भिकनमामाही गठ्ठ्यावरून उठून उभे राहिले.

"माले माहीतच व्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज ठाम होता. "मनी आंडेर, मनी पोर, कोनी काडीबी उचलाव नही. तुमले आते समजनं, बरं झायं. पन कालदिनपाशीन पोरनी पोटमा काहीच घालं नही. तिले आदी जेवाडा, मंग घर धाडा."

"हा बा," ठाकोरभाई म्हणाले. "हा बा. हमणां ज, आत्ता लगेच."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि कँटीनमधून ताट आणायला भिकनमामांना पिटाळलं. मामा जवळजवळ धावतच गेले. ताट आलं तेव्हा शेठनी आपल्या टेबलावरचा पसारा बाजूला सारला, स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बेस, बेन." नूतन शेठच्या खुर्चीत बसली, आणि पहिला घास तोंडात गेल्यावर तिला कळलं की आपल्याला किती भूक लागली होती.